वाईट खेळण्याचा उन्हाळा

शाळेच्या संघात आल्यावर स्टेफन करीला ३० नंबरची जर्सी हवी होती. तो त्याच्या वडिलांचा नंबर. डेल करी शार्लट हॉर्नेट्सकडून दहा हंगाम त्याच नंबरावर खेळले होते आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या त्या शहरात ३० म्हटलं की लोकांना तेच आठवत. अडचण एवढीच होती की शार्लट ख्रिश्चन शाळेतली ३० नंबरची जर्सी मोठ्या मापाची होती आणि पोरगा तिच्यात हरवून जायचा. मग त्याने २० नंबर घेतला. तो निदान अंगावर राहत होता.

हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षी या मुलाची उंची साडेपाच फुटांच्या आसपास होती. खांदे अरुंद, दंड काटकुळे, चेहरा सातवीतल्या मुलाचा. बास्केटबॉलमध्ये असं शरीर घेऊन उतरायचं म्हणजे पहिल्या मिनिटापासून कर्जात खेळायचं. हा खेळ शोधणाऱ्या जेम्स नेस्मिथ यांनी १८९१च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत पीचच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून टोपलीही दहा फुटांवर लागली. माणसांची उंची वाढली, नियम बदलले, चेंडू बदलला, रिंग मात्र आजही दहा फुटांवरच आहे. एका कठड्याच्या उंचीने पुढच्या सगळ्या पिढ्यांतल्या ठेंगण्यांचं भवितव्य ठरवून टाकलं, असं म्हटलं तर ते फारसं खोटं ठरणार नाही.

करीला या परिस्थितीतून एक वाट सापडली होती, आणि ती चालतही होती. हातात बळ नसलेलं मूल चेंडू कमरेपासून उचलतं. गुडघे वाकवायचे, पायांचा सगळा जोर वर आणायचा आणि चेंडू पोटाजवळून फेकल्यासारखा सोडायचा. बारा वर्षांच्या मुलाचा चेंडू लांबून रिंगपर्यंत पोचायला दुसरा उपायच नसतो. करीचा नेम असा होता की कमरेतून निघालेला चेंडूही जाळ्यातच जायचा. पण हायस्कूलच्या मोठ्या संघात समोर सहा-सव्वासहा फुटांचे बचावपटू उभे राहू लागले. कमरेपासून कपाळापर्यंतचा प्रवास करायला चेंडूला जो वेळ लागतो, तेवढ्यात अशा मुलाचा हात आडवा येतो. डेल करी यांना हे दिसत होतं. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे एनबीएमध्ये सोळा हंगाम काढून हजारावर थ्री पॉइंटर टाकलेला माणूस तो. कुठला शॉट कुठल्या पातळीपर्यंत टिकेल, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

त्यांनी मुलाला सांगितलं, पुढे खेळायचं असेल तर शॉट मोडावा लागेल. चेंडू कपाळाच्या वर न्यायचा आणि तिथून सोडायचा.

२००४च्या उन्हाळ्यात घरामागच्या कोर्टवर हे काम सुरू झालं. ऐकायला सोपं वाटतं, पण नेमबाजीत सवय हीच सगळी मालमत्ता असते. कोपराचा कोन, मनगटाची घडी, बोटांच्या टोकावरून चेंडू सुटण्याची वेळ हे सगळं हजारो वेळा करून हाडात मुरलेलं असतं. चेंडू सोडण्याची जागा हातभर वर नेली की त्यातलं काहीच कामी येत नाही. पायांचा जोर आता कोपरातून वर न्यायचा, आणि ते कोपर तर अजून काडीएवढं. सुरुवातीचे सुमारे तीन आठवडे करी रिंगजवळच्या रंगवलेल्या चौकटीबाहेरून शॉटच मारू शकत नव्हता. ज्या मुलाचं एकच अस्त्र होतं ते त्याच्या बापानेच काढून घेतलं होतं. पुढे डेल करी यांनी मुलाखतींत सांगितलं की ते पाहणं अवघड होतं, मुलाच्या डोळ्यांत पाणी यायचं. धाकटा भाऊ सेथही अंगणातच असायचा, पण हे प्रकरण सुरू झालं की तो घरात निघून जायचा. ज्या दोन मुलांनी पुढे एनबीए गाठली त्यांतला एक रडतोय आणि दुसऱ्याला ते बघवत नाही, असं ते अंगण होतं.

आणि याच उन्हाळ्यात करी शिबिरांना जात होता.

आपल्याकडे उन्हाळी शिबिर म्हटलं की मे महिन्याच्या सुट्टीतला पोहण्याचा वर्ग, नाट्यशिबिर किंवा गडावरचे तंबू डोळ्यांसमोर येतात. पोरं घरात दंगा करत नाहीत, हाच त्याचा मुख्य फायदा. अमेरिकन बास्केटबॉलमधलं उन्हाळी शिबिर ही निराळी चीज आहे. तिथे शिकवतातही, पण त्याहून जास्त पारखतात. शाळेचा हंगाम थंडीत होतो आणि प्रत्येक शाळा आपापल्या कोपऱ्यात खेळते. उन्हाळ्यात ही सगळी पोरं एका छपराखाली येतात आणि कोण कोणापेक्षा सरस, हे पहिल्यांदाच कळतं.

या प्रकाराला आकार दिला तो हॉवर्ड गारफिंकेल या न्यूयॉर्कच्या अवलियाने. विल क्लाइन यांच्याबरोबर त्यांनी १९६६ साली ‘फाइव्ह-स्टार’ शिबिर सुरू केलं, आणि पेनसिल्व्हेनियातलं होन्सडेल हे आडगाव पुढे बास्केटबॉलवाल्यांचं पंढरपूर झालं. गारफिंकेल स्वतः खेळाडूंची पारख करणारं एक पत्रक काढत. महाविद्यालयांचे प्रशिक्षक पैसे भरून ते मागवत. त्यांच्या शिबिरातली ‘स्टेशन’ची पद्धत आजही जगभर वापरली जाते. कोर्टांचे भाग पाडायचे, प्रत्येक ठिकाणी एकच कौशल्य शिकवणारा प्रशिक्षक उभा करायचा, शिट्टी वाजली की मुलांच्या टोळीने पुढच्या ठिकाणी पळायचं. ह्यूबी ब्राउन, बॉब नाइट, रिक पिटिनो अशी माणसं तिथे शिकवून गेली. दुपारी आणि संध्याकाळी सामने, आणि सामन्यांच्या कडेला वही घेऊन बसलेली मोठी माणसं.

एका आठवड्यात माणसाचं नशीब फिरण्याच्या कथा इथूनच निघाल्या. १९८० साली विल्मिंग्टनचा सतरा वर्षांचा मायकल जॉर्डन पिट्सबर्गजवळच्या फाइव्ह-स्टार शिबिरात आला, तेव्हा त्याच्या राज्याबाहेर त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. शिबिर संपेपर्यंत गारफिंकेल फोन फिरवत होते. त्या वर्षीच्या एका नामांकित वार्षिकात देशातल्या उत्तम शालेय खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव घालायला हवं, असं त्यांना वाटत होतं, पण यादी छापायला गेली होती. १९९६ साली एबीसीडी नावाच्या दुसऱ्या मोठ्या शिबिरात फ्लोरिडाचा ट्रेसी मॅकग्रेडी आला तो जवळपास अनोळखी म्हणून, आणि वर्षभरात थेट शाळेतून एनबीएमध्ये गेला. २००१ साली त्याच शिबिरात न्यूयॉर्कच्या लेनी कुकचा बोलबाला होता. ओहायोच्या एका धाकट्या मुलाने शेवटच्या क्षणाला त्याच्यासमोर थ्री पॉइंटर टाकून सामना नेला. तो धाकटा लेब्रॉन जेम्स होता. कुक पुढच्या वर्षी एनबीएच्या निवडीला उभा राहिला आणि एकाही संघाने त्याचं नाव घेतलं नाही.

या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांतल्या माणसांची उंची बघावी. जॉर्डन तेव्हाच सव्वासहा फुटांच्या पुढे होता, मॅकग्रेडी पावणेसात फुटांच्या आसपास. कुक आणि जेम्स यांची शरीरंही शाळकरी वाटत नव्हती. आठवड्याभरात शिबिराला जे दिसतं, ते हेच. लांब हात, उडी, वेग, अंगातली रग. या गोष्टी पहिल्या दिवशी अकराच्या सुमारास दिसून जातात. उरलेले दिवस त्या दृश्यावर शिक्कामोर्तब करण्यात जातात.

छोट्या मुलाची शिबिरकथा लोकांना ठरावीक साच्यात आवडते. तो येतो, इतर हसतात, त्याला शेवटच्या संघात टाकतात, मग निर्णायक सामन्यात तो चेंडू हिसकावून घेतो आणि हसणारे उभे राहून टाळ्या वाजवतात. करीच्या २००४च्या उन्हाळ्यात यातलं पहिलं निम्मं घडलं, दुसरं घडलंच नाही. त्याने स्वतःच नंतर सांगितलं आहे की त्या शिबिरांत लोक त्याच्याकडे बघून विचारायचे, तू कोण, आणि तू बास्केटबॉल का खेळतोस? त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो महिना-दीड महिना खरोखरच तेवढा वाईट खेळत होता. जुना शॉट मारायची बंदी, नवा शॉट अजून जमत नाही, अंगात ताकद नाही. त्याने कोणालाही काहीही सिद्ध करून दाखवलं नाही. बघणाऱ्यांनी जे पाहिलं त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबरच होता.

कमरेतून शॉट मारला असता तर निदान शिबिरापुरती अब्रू वाचली असती. तो मोह किती असेल, याची कल्पना सोळा वर्षांचं असताना चारचौघांत फजिती झालेल्या कोणालाही करता येईल. सोळाव्या वर्षी माणसाला दहा वर्षांनंतरचं दिसत नाही, बाकावर बसून हसणारे चार जण मात्र दिसतात. जुना शॉट पुन्हा न काढणं, हे त्या उन्हाळ्यातलं त्याचं खरं काम होतं, आणि ते कोणाच्याही वहीत नोंदवलं गेलं नाही. नोंदवणार तरी कोण आणि कसं? शिबिराच्या तक्त्यात उंचीला रकाना असतो, उडीला असतो, टाकलेल्या गुणांना असतो.

त्या छोटेपणाची खूण त्याच्या शॉटमध्ये आजही आहे. बहुतेक नेमबाज उडी मारतात, वर क्षणभर थांबतात आणि मग चेंडू सोडतात. ते थांबणं परवडायला खांदे आणि दंड लागतात. करीचा शॉट थांबत नाही. पाय जमिनीवरून सुटतात तेव्हाच चेंडू वर निघालेला असतो आणि उडीच्या शिखरावर पोचण्याआधीच हातातून सुटतो. सगळी क्रिया अर्ध्या सेकंदाच्या आत आटोपते. वडिलांनी चेंडू कपाळावर नेला, पण पायांचा जोर थेट बोटांपर्यंत आणायची दुबळ्या पोराची युक्ती तशीच राहिली. बलदंड मुलाला असा शॉट शोधायची गरजच पडली नसती.

तरी त्याला ‘बिचारा बुटका पोरगा’ म्हणून रंगवण्यात थोडी लबाडी आहे. ज्याच्या घरामागे कोर्ट आहे, ज्याची आई सोन्या महाविद्यालयीन व्हॉलीबॉल खेळलेली आहे आणि ज्याला शॉट मोडून पुन्हा बांधून देणारा कारागीर घरातच मिळतो, त्याची सुरुवात रस्त्यावरून झाली असं म्हणता येत नाही. शिवाय लहानपणी त्याच्या डोळ्यांसमोर एक असा माणूस रोज वावरत होता, जो बाकीच्यांना टीव्हीवरसुद्धा खरा वाटत नसे.

मग्सी बोग्ज, उंची पाच फूट तीन इंच. एनबीएच्या इतिहासातला सर्वांत बुटका खेळाडू, आणि हॉर्नेट्समध्ये डेल करी यांचा सहकारी. १९८८ साली शार्लटचा नवा संघ उभा राहिला तेव्हा दोघेही एकाच वेळी तिथे आले आणि जवळपास दशकभर एकत्र खेळले. पुढे टोरांटोलाही दोघे बरोबर होते. सरावाच्या वेळी कडेला चेंडू आपटत फिरणाऱ्या लहानग्या करीला व्यावसायिक बास्केटबॉल खेळणारा माणूस इतका ठेंगणा असू शकतो, हे कोणी पटवून द्यावं लागलं नाही.

बोग्जला मात्र ते जगाला पटवावं लागलं. बॉल्टिमोरच्या लफायेत कोर्ट या सरकारी वसाहतीत तो वाढला. डनबार हायस्कूलचा संघ न्यू जर्सीत कॅम्डेनविरुद्ध खेळायला गेला तेव्हा खेळाडूंची नावं पुकारताना बोग्ज पुढे आला आणि प्रेक्षागृहात हशा पिकला. पुढच्या तासाभरात कॅम्डेनच्या मुलांना चेंडू कोर्टच्या मध्यापर्यंत आणणं मुश्कील झालं. बोग्जचं गणित साधं होतं. चेंडू जमिनीवर आपटतो तेव्हा तो गुडघ्याच्या उंचीवर असतो, आणि गुडघ्याच्या उंचीवरचा प्रदेश त्याच्या मालकीचा. सहा फुटी माणसाला तिथे पोचायला वाकावं लागतं, बोग्ज आधीच तिथे उभा असतो. प्रशिक्षक बॉब वेड यांचा तो डनबार संघ दोन हंगाम अजिंक्य राहिला. १९८७च्या निवडीत पहिल्याच फेरीत त्या एका शाळेच्या संघातले तिघे निवडले गेले. रेजी विल्यम्स चौथा, बोग्ज बारावा, रेजी लुइस बाविसावा. मुंबईच्या एका मैदानावरून तीन कसोटीपटू निघाल्याचं कौतुक करणाऱ्या आपल्या लोकांना हे आवडायला हरकत नाही.

वॉशिंग्टनने बोग्जला घेतलं आणि सात फूट सात इंचांच्या मनूट बोलच्या शेजारी उभं करून फोटो काढले. दोघांत सव्वादोन फुटांहून जास्त फरक. फोटो जगभर छापून आले, खेळाकडे कमीच लोकांनी पाहिलं. त्यानंतर बोग्जने चौदा हंगामांत सहा हजार सातशेहून अधिक असिस्ट दिले. एकदा पॅट्रिक यूइंगसारख्या सात फुटी राक्षसाचा शॉटही त्याने अडवला. त्याची उंची पुढे इंचभरही वाढली नाही. करीची वाढली, आज तो सहा फूट दोन-तीन इंचांचा आहे. एनबीएच्या साडेसहा फुटी सरासरीत ही उंची डोळ्यात भरत नाही, पण सोळाव्या वर्षीच्या तुलनेत ती लॉटरीच. सोळाव्या वर्षी हाडं किती वाढतील हे प्रशिक्षकालाही कळत नाही आणि पोरालाही. तेवढ्याच उंचीवर थांबलेली कितीतरी मुलं शॉट सुधारूनही कुठे गेली नाहीत, आणि त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही.

करीच्या शाळेच्या शेवटच्या टप्प्यात लास वेगासमध्ये एक मोठी उन्हाळी स्पर्धा झाली. जुलैत महाविद्यालयांच्या प्रशिक्षकांना अशा स्पर्धा पाहायची परवानगी असते. एका वेळी अनेक कोर्टांवर सामने चालू, खुर्च्यांच्या रांगा, छातीवर आपापल्या महाविद्यालयाचं बोधचिन्ह मिरवणारे प्रशिक्षक. त्यांत डेव्हिडसन या छोट्या महाविद्यालयाचे बॉब मॅकिलप होते. हे डेव्हिडसन शार्लटपासून तासाभराच्याही आतलं गाव, विद्यार्थी दोन हजारही नाहीत. करीला ते दहा वर्षांचा असल्यापासून ओळखत होते, कारण त्यांचा मुलगा त्याच्याबरोबर बेसबॉल खेळायचा. त्या दिवशी करी भयंकर खेळला. चेंडू प्रेक्षकांत गेला, ड्रिबल करताना स्वतःच्याच पायावर आपटला, शॉट चुकले.

मॅकिलप यांनी ही हकिकत पुढे अनेकदा सांगितली. त्यांच्या मनात राहिलं ते वेगळंच. पोराने एकदाही पंचाकडे हात केले नाहीत, सहकाऱ्याकडे बोट दाखवलं नाही, बाकावर बसल्यावर इतरांसाठी टाळ्या वाजवत राहिला आणि प्रशिक्षक बोलत असताना त्यांच्या डोळ्यांत बघून ऐकत राहिला. मॅकिलप यांनी त्याच दिवशी ठरवलं, असं कथेच्या सोयीसाठी लिहिता येईल, पण पारखी माणसं अशी एका क्षणात ठरवत नाहीत. त्यांनी आधीपासून पाहिलेलं होतं. त्या दिवशी फक्त, वाईट दिवशी हा मुलगा कसा वागतो, हेही बघून झालं. शिबिरात आणि स्पर्धेत चांगला दिवस सगळेच शोधत असतात. वाईट दिवस पाहायला थांबणारा विरळा.

आईवडील दोघेही शिकले त्या व्हर्जिनिया टेकने करीला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. स्वतःच्या खर्चाने ये, मग बघू, असा त्यांचा प्रस्ताव होता. डेव्हिडसनने दिली. २००६च्या नोव्हेंबरात पहिल्याच महाविद्यालयीन सामन्यात, ईस्टर्न मिशिगनविरुद्ध, करीने तेरा वेळा चेंडू घालवला. तेरा म्हणजे प्रशिक्षकाने दुसऱ्या दिवशी बाकावर बसवायला पुरेसं कारण. मॅकिलप यांनी त्याला खेळवलं. समोर मिशिगनसारखं मोठं विद्यापीठ होतं आणि करीने ३२ गुण टाकले.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. २००८च्या राष्ट्रीय स्पर्धेत दहावं मानांकन मिळालेल्या डेव्हिडसनने गोंझागा, जॉर्जटाउन आणि विस्कॉन्सिन यांना घरी पाठवलं. गोंझागाविरुद्ध करीचे ४० गुण होते. विस्कॉन्सिनच्या सामन्याला लेब्रॉन जेम्स प्रेक्षकांत येऊन बसला. कॅन्सासने शेवटी त्यांना दोन गुणांनी रोखलं आणि पुढे अजिंक्यपदही नेलं.

त्याआधीच्या, २००७च्या उन्हाळ्यातली एक शिबिरकथा मात्र सांगण्यासारखी आहे, कारण ती पहिल्या कथेची दुसरी बाजू आहे. कोबी ब्रायंटच्या नावाच्या एका कौशल्य शिबिराला देशातले निवडक शालेय आणि महाविद्यालयीन खेळाडू बोलावले होते. तिथे प्रशिक्षक म्हणून काम केलेले ॲलन स्टाइन सांगतात की सगळ्यांत कमी गाजावाजा असलेला खेळाडू हा डेव्हिडसनचा करीच होता. बाकीचे चपला फरफटवत, कानात गाणी घालून येत, तेव्हा तो अर्धा तास आधी येऊन घामाने निथळत असे. चुकीच्या पायावर थांबला की प्रशिक्षकाने सांगायच्या आतच तो शॉट पुन्हा घेई. सत्र संपल्यावर पाच फ्री थ्रो लागोपाठ, रिंगला स्पर्श न करता, नुसत्या जाळ्यातून जाईपर्यंत कोर्ट सोडत नसे. चार पडले आणि पाचवा रिंगला घासून आत गेला तर पुन्हा पहिल्यापासून. स्टाइन हे व्याख्यानांत सांगत असतात, त्यामुळे कथेला थोडं पॉलिश चढलं असेल. पण घरामागच्या कोर्टवर एक पूर्ण उन्हाळा ज्याने वाईट खेळण्यात काढला, त्याला एका चुकलेल्या फ्री थ्रोसाठी परत शून्यावर यायला काय वाटणार?

२००९च्या निवडीत करी सातवा गेला. मिनेसोटाने पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर दोन पॉइंट गार्ड घेतले, दोन्ही वेळा त्याला सोडून. एका पारख-अहवालात त्याच्या शारीरिक क्षमतेबद्दल, ती एनबीएच्या मानाने फार कमी आहे, असं लिहिलं होतं. हे वाक्य तो नंतर स्वतःच गमतीने सांगत राहिला. २०१५-१६च्या एका हंगामात त्याने ४०२ थ्री पॉइंटर टाकले. आधीचा विक्रम २८६चा होता, आणि तोही त्याचाच.

शिबिरांशी त्याचं नातं पुढेही सुटलं नाही. २०१३ साली त्याचा बुटांचा करार संपत आला होता तेव्हा जुन्या कंपनीशी काय बिनसलं, यावर ईएसपीएनने २०१६ साली सविस्तर वृत्तान्त छापला. त्यात पैशांबरोबर आणखी एक कारण होतं. त्याच्या पिढीतल्या दोघा खेळाडूंच्या नावाने कंपनी शिबिरं भरवत होती, करीच्या नावाने नाही. कोट्यवधी डॉलरच्या वाटाघाटीत शिबिराचा मुद्दा यावा, हे नवल वाटतं. पण ज्याला शिबिरात ‘तू कोण’ असं विचारलं गेलं होतं त्याला आपल्या नावाचं शिबिर हवंसं वाटणं समजू शकतं.

ते शिबिर नव्या कंपनीने दिलं, आणि इथे गोष्ट जरा विचित्र होते. करीच्या नावाचं निवड शिबिर देशातल्या उत्तमोत्तम शालेय गार्डना निमंत्रण देऊन भरू लागलं. म्हणजे २००४ सालचा, चौकटीबाहेरून शॉट न पोचणारा स्टेफन करी तिथे बोलावलाच गेला नसता. २०१८ साली या शिबिरात पहिल्यांदा दोन मुली आल्या, कॅमेरॉन ब्रिंक आणि अझी फड. फडने मुलांमध्ये खेळून थ्री पॉइंटरची स्पर्धा जिंकली. मुलांच्या शिबिरात मुलगी हीसुद्धा मापात न बसणारीच. पण तिला आत घेतल्यावर तिने निर्विवाद जिंकलं, करीसारखा अपमान गिळायची वेळ तिच्यावर आली नाही. २०२५ साली कनेक्टिकटने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं तेव्हा अंतिम फेऱ्यांतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून फडचीच निवड झाली.

जानेवारी २०१९ मध्ये करीने आणखी एक गोष्ट सुरू केली. शाळकरी खेळाडूंना पारखी मंडळी एक ते पाच तारे देतात. तीन किंवा त्याहून कमी तारे मिळालेल्या मुलांसाठी शहराशहरांत फिरणारं शिबिर, असं तिचं स्वरूप होतं. चार-पाच तारेवाल्यांना तिथे प्रवेश नव्हता. कल्पना सुंदर आहे, आणि तिची अडचणही लगेच दिसते. तीन तारे मिळायलासुद्धा आधी कोणीतरी वही घेऊन तुमच्या सामन्याला येऊन बसावं लागतं.